एका गाडीस दोन एंजिने

पाव मैलाची, म्हणजे अवघी ४०२ मीटरची सरळ वाट. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहावयाच्या, इशारा होताच सुटावयाच्या, आणि पाहणाऱ्याने श्वास सोडण्याच्या आत शर्यत संपावयाची. अमेरिकन तरुणांच्या या वेडास ‘ड्रॅग रेसिंग’ म्हणतात. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापून त्याला नियमांची वेसण घातली. जिथे एक एंजिन पुरे, तिथे दोन का जोडावीत, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेसणीतच सापडते.

कल्पना तशी जुनी. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे संघटनेच्या पहिल्या राष्ट्रीय शर्यती भरल्या, तेव्हा लॉइड स्कॉट यांच्या ‘बसल बॉम्ब’ने ताशी १५१ मैलांचा वेग गाठला. तिच्यात एक एंजिन ओल्ड्समोबिलचे, दुसरे कॅडिलॅकचे. एक पुढे, एक मागे. परंतु या कल्पनेला खरा बहर आला तो १९५७ नंतर. त्या वर्षी संघटनेने नायट्रोमिथेन या इंधनावर बंदी घातली. या द्रव्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते, तर नायट्रोमिथेनला दोन किलोंहूनही कमी. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जळून दुपटीहून जास्त शक्ती मिळते. ती वाट बंद झाली. मग पेट्रोलवरच शक्ती वाढवायची, तर एंजिनच दुप्पट करणे आले!

बोलावयास सोपे, करावयास अवघड. एका जुवाला जुंपलेले दोन बैल सारख्या चालीचे नसतील तर गाडी कलंडते, इथेही तेच. एंजिने शेजारी शेजारी ठेवून दंतचक्रांनी थेट जोडली, तर ती परस्परविरुद्ध दिशांनीच फिरणार. म्हणजे एक एंजिन उलटे चालवणे भाग, आणि त्यासाठी त्याचा कॅमशाफ्ट वेगळा घडवणे भाग. शिवाय प्रत्येक एंजिनाचे दोनशे किलोंहून अधिक वजन.

तरीही हे जमवणारे निघाले. लहानपणापासून पडद्यावर काम करणाऱ्या टॉमी आयव्हो याने १९५९ साली दोन ब्युइक एंजिने शेजारी बसवून पेट्रोलवरचे वेगाचे विक्रम मोडले. पुढे त्याने चार एंजिनांचीही गाडी बांधली, पण संघटनेने तिला केवळ प्रदर्शनापुरती परवानगी दिली. १९६१ साली कॅलिफोर्नियातील पोमोना येथे पहिल्या विंटरनॅशनल्स शर्यतीत जॅक क्रिसमन विजयी झाला तो ‘ट्विन बेअर्स’ या जोड-एंजिनाच्या गाडीतून. ती बांधणारे हॉवर्ड जोहान्सन हे कॅमशाफ्टचेच कारागीर होते, हे आम्हांस योगायोग वाटत नाही. टेक्ससच्या एडी हिल याने तर एवढी शक्ती जमिनीवर उतरावी म्हणून मागे चार टायर लावले.

त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय शर्यतीत मात्र पीट रॉबिन्सन या शिकलेल्या अभियंत्याने एकाच शेव्हरोले एंजिनाची, जमेल तितकी हलकी केलेली गाडी आणून बाजी मारली. आमच्या मते दुप्पट शक्तीला मिळालेले ते सर्वांत समर्पक उत्तर होय. हा रॉबिन्सन १९७१ साली पोमोना येथेच अपघातात गेला.

१९६३ पासून इंधनबंदी सैल होऊ लागली, १९६४ साली उठली. तरी पेट्रोलवरच्या गाड्यांचा स्वतंत्र ‘टॉप गॅस’ वर्ग उरला आणि जोड-एंजिने तिथे नांदली. त्यांत जॉन पीटर्स यांची, एकामागे एक एंजिने असलेली ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडी, विशेष गाजली. तिचा चालक बॉब म्युराव्हेझ याला घरून सक्त मनाई होती. म्हणून तो ‘फ्लॉइड लिपनकॉट धाकटे’ अशा भारदस्त टोपणनावाने धावे. १९७१ च्या हंगामानंतर संघटनेने तो वर्गच बंद केला.