रोजकीर्द, खतावणी आणि संगणकातील माहितीचा थर

बँकेच्या काउंटरवर, एटीएमवर किंवा मोबाईलवर आपण जे पाहतो तो संगणकप्रणालीचा दर्शनी भाग होय. त्यामागे व्याज किती, दंड केव्हा, हे ठरविणारा नियमांचा थर असतो. आणि सर्वांत खाली असतो माहितीचा थर, ज्याला डेटा लेयर म्हणतात. संगणक शिकणारी आपली मुले पडद्याची सजावट चटकन आत्मसात करतात, पण या पायाकडे त्यांचे लक्ष कमी जाते, असे मला वाटते. म्हणून हे चार शब्द.

जुन्या पद्धतीत बचत खात्याचे लेजर वेगळे, कर्जाचे वेगळे, लॉकरचे रजिस्टर वेगळे. ग्राहकाचा पत्ता तिन्हीकडे. त्याने घर बदलले की एकीकडे दुरुस्ती होई, दोनकडे राहून जाई. संगणकातही माहिती तीनदा लिहिली तर हाच घोळ होतो, फक्त अधिक वेगाने! आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली यावर पायाभूत निबंध लिहिला. माहिती तक्त्यांत मांडावी व तक्ते सामाईक क्रमांकाने जोडावेत, हा त्याचा गाभा. ग्राहकाचा पत्ता फक्त ग्राहकांच्या तक्त्यात; खात्याच्या तक्त्यात केवळ ग्राहक क्रमांक. या कार्यासाठी कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. एका खात्यातून पाच हजार वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच वीज गेली तर? येथे आपली हिशेबाची जुनी रीतच उपयोगी पडते : आधी रोजकीर्द, मग खतावणी. संगणकही बदल प्रथम एका नोंदवहीत लिहितो. पुन्हा सुरू झाल्यावर ती वाचून पूर्ण झालेला व्यवहार कायम करतो, अर्धवट राहिलेला रद्द करतो. मधली अवस्था शिल्लक ठेवत नाही. रक्कम मात्र पूर्ण पैशांत किंवा खास दशमान प्रकारात साठवावी, कारण ०.१ ही साधी संख्यासुद्धा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही.

सर्वांत जास्त विचार नावाच्या रकान्याचा करावा. पॅनच्या अर्जात आडनाव, नाव, मधले नाव असे तीन रकाने. आधारवर पूर्ण नाव एकत्र. ज्या आजी आयुष्यभर एकाच नावाने ओळखल्या गेल्या, त्यांनी 'आडनाव आवश्यक' असे सांगणाऱ्या पडद्यापुढे काय करावे? लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीचे कागद जुळत नाहीत, म्हणून शिष्यवृत्ती अडकू शकते. ही चूक मुलीची नव्हे, तक्ता आखणाऱ्याची. नावासाठी एकच मोठा रकाना ठेवावा, आडनावाची सक्ती नसावी. आणि जुने नाव खोडू नये, ते कोणत्या तारखेपर्यंत होते याची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवावी.

सरावासाठी महागडे साहित्य लागत नाही. पोस्टग्रेस ही प्रणाली विनामूल्य मिळते. त्याआधी कागदावर एखाद्या मंडळाच्या वर्गणीचे रजिस्टर आखून पाहावे. बहुतेक जण सभासदाच्या नावापुढे बारा महिन्यांचे बारा रकाने काढतात. मग कोणी एका महिन्यात दोनदा पैसे दिले की लिहायचे कुठे? त्यापेक्षा सभासदांचा एक तक्ता करावा आणि पावत्यांचा दुसरा. त्यात पावती क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख व रक्कम. कोणाची किती बाकी हे लिहून ठेवायचे नाही, ते दर वेळी पावत्यांवरून काढायचे.