बुंध्याची राखण

मृग नक्षत्रास आठ-दहा दिवसांचा अवकाश असताना मी काटोल तालुक्यातील एका संत्र्याच्या बागेत गेलो, तेव्हा बागेचे वृद्ध मालक पिवळ्या पडलेल्या एका झाडाच्या बुडाशी गुडघे टेकून खुरपीने माती हलकेच बाजूला सारीत होते. सालीतून ओघळलेला तांबूस डिंक जागोजाग वाळला होता. त्यांनी एक तंतुमूळ चिमटीत धरून ओढले, तशी कुजलेली साल पायमोजा उतरावा तशी निसटून बोटांत आली आणि आतला नुसता दोरा मातीत उरला.

यास इकडे डिंक्या म्हणतात. फायटोफ्थोरा नामक सूक्ष्म जीव त्याचे कारण; भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले, की त्याचे दोन शेपट्यांचे बीजाणू त्या पाण्यातून पोहत कोवळ्या मुळांना गाठतात. ज्या पाण्यावर बाग जगते तेच तिच्या वैऱ्याला वाट देते, हे त्या दोऱ्याकडे पाहताना मनाला फार लागले.

"पाणी मुळाले पाह्यजे जी, बुडाले नाही," असे म्हणून त्यांनी दुहेरी आळे दाखविले: आतल्या कड्यात बुंधा कोरडा आणि पाणी बाहेरच्या कड्यात. पावसाच्या निचऱ्यासाठी उतारास धरून चर खणण्याची तजवीज झाली होती. कलमाचा जोडही जमिनीपासून वीतभर उंच, उघडा होता. तो मातीआड करण्याचा शिरस्ता मला अक्षम्य वाटतो, कारण ओल्या मातीत गाडलेला जोड म्हणजे रोगाला धाडलेले आवतणच.

मग बोर्डो मलमाचे काम निघाले. फ्रान्समधील बोर्दो येथे मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षवेलींसाठी पुढे आणलेले हे औषध विदर्भातील संत्र्याच्या बुंध्यावर आता घरचेच झाले आहे. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरांत निरनिराळे कालवून, दोन्ही द्रावणे एकदमच तिसऱ्या भांड्यात ओतावयाची. भांडे मात्र लोखंडी चालत नाही. निळे मिश्रण ढवळून झाल्यावर मालकांनी विळ्याचे घासलेले पाते त्यात क्षणभर बुडविले. वर काढले तो त्यावर तांब्याची लाली! चुना कमी पडला होता आणि तसेच मलम लावले असते तर साल भाजली असती. त्यांनी चुन्याची निवळी थोडी थोडी घालून, पाते पुन्हा घासून, तीनदा खातरजमा केली. चौथ्यांदा ते स्वच्छ निघाले. मग रोगट साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून, तिचा कणन्‌कण जाळण्यासाठी गोणपाटावर गोळा करून, त्यांनी जमिनीपासून हातभर, मग दोन हात उंचीपर्यंत कुंचला फिरविला आणि गोणपाट ओढीत ते पुढच्या झाडाकडे वळले.