आधी बाँड की आधी पीजी?

ओपीडी संपत आली होती, तेव्हा कळंबकडचे एक शेतकरी आत आले. दुखणं काही नव्हतं. मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेली, इंटर्नशिप संपत आलेली. “सायेब, पोरीला पीजी लागलं तर बाँडचं काय हो? धा लाख भरा म्हणले तर रान इकावं लागंल.”

हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून आज त्यावरच लिहितो.

महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी जी फी भरतो, ती खर्चाच्या मानाने थोडी असते. उरलेला भार सरकार उचलतं. नाव शिष्यवृत्तीचं नसलं तरी ती एक शिष्यवृत्तीच. तिच्या बदल्यात एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. पीजीनंतर हीच रक्कम ५० लाख होते आणि सुपरस्पेशालिटीनंतर २ कोटी. अशा बाँडची सक्ती वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये दिला.

पीजीसाठी सेवा पुढे ढकलली म्हणजे ती माफ झाली, असा अनेक पालकांचा समज असतो. तसं नाही. आधीचं वर्ष डोक्यावर राहतं आणि पीजीचा बाँड त्यात मिळतो. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी आणि सवलत लेखी घ्यावी. सीनिअरने व्हॉट्सअॅपवर सांगितलेलं धरून चालू नये.

आता सेवा पुढे ढकलणं म्हणजे पळवाट का? बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बाँडवर होतो. रात्री दीडच्या सुमाराला एक बाई आली. दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर, बाळ अडलेलं. ऑपरेशन थिएटर होतं, स्त्रीरोगतज्ज्ञ बाई होत्या. भूल देणारा डॉक्टर नव्हता. जीपमधून सोलापूरला पाठवलं. बाई वाचली, बाळ गेलं. त्या रात्री माझ्यासारखे आणखी तीन एमबीबीएस तिथे असते तरी काही फरक पडला नसता. पुढे मी भूलशास्त्र घेतलं ते त्या रात्रीमुळे, असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे माझ्या मार्कांना तेच मिळत होतं. पण परत आलो, आणि तेव्हापासून किती सिझरना भूल दिली याचा हिशेब ठेवलेला नाही.

म्हणजे तीन वर्षं उशिरा आलेला तज्ज्ञ कधी कधी वेळेवर आलेल्या एमबीबीएसपेक्षा जास्त उपयोगी पडतो. अट एकच, तो यायला हवा. अडतं ते इथेच. पीजी होईपर्यंत वय अठ्ठावीस-तीस होतं, लग्न होतं, जोडीदाराची नोकरी पुण्यात असते. मग बाँडचं वर्ष शहरातल्याच एखाद्या मेडिकल कॉलेजात सीनिअर रेसिडेंट म्हणून भरलं जातं. कागदावर सेवा पूर्ण होते. लोहारा-भूमच्या बाईला त्याचा काय उपयोग?

आधी सेवा करण्याचा फायदाही मोठा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. एमबीबीएसनंतर १९७६ मध्ये ते रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. विंचूदंशाने माणसं मरताना त्यांनी तिथे पाहिली, टिपणं ठेवली. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं लेखन छापून आलं. पुढे पुण्यात एमडी करून ते पुन्हा महाडलाच परतले, आणि विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर त्यांनी रुजवला. एमडीला जाताना प्रश्न त्यांच्या खिशात होता. आजच्या मुलांचं ते वर्ष मात्र बरेचदा टेबलाखाली नीटचं पुस्तक ठेवून जातं. मी त्यांना दोष देत नाही. परीक्षाच तशी आहे.

अमेरिकेत नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती घेतलेल्याला पुढच्या प्रशिक्षणासाठी सेवा लांबवता येते, पण प्राथमिक आरोग्यसेवेला लागणाऱ्या ठरावीक शाखांसाठीच. भलतीच शाखा घेऊन करार मोडला तर घेतलेल्या रकमेच्या तिप्पट, तेही व्याजासह, परत द्यावे लागतात. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठात फी भरावी लागत नाही, पण आपल्याच प्रांतात नऊ वर्षं काम करावं लागतं. त्यात प्रशिक्षणाचा काळही धरला जातो. दोन्हीकडे परत कुठे यायचं हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे सेवा लांबवण्याची चर्चा होते ती तारखेची आणि दंडाची. गावाचं नाव त्यात येतच नाही. माझं मत विचाराल तर भूल, स्त्रीरोग, बालरोग, मेडिसिन या शाखांसाठी खुशाल मुदत द्यावी, पण उपजिल्हा रुग्णालयाचं नाव त्याच कागदावर लिहून.

धाराशिवचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२२ मध्ये १०० जागांनी सुरू झालं. त्या पहिल्या तुकडीची इंटर्नशिप संपेल तेव्हा हाच प्रश्न शंभर घरांत निघेल.

कळंबच्या पाहुण्यांना मी एवढंच सांगितलं, की या चारपैकी शाखा मिळाली तर पोरीला जाऊ द्या, आणि मुदतीचा कागद सही-शिक्क्यानिशी घ्या. ते उठले, दारापाशी थांबले. “भुलीचं घेतलं तर चालंल का, सायेब? पोरगी म्हणती, त्या डाक्टरला कुणी वळखत नाई.”

“नाही ओळखत,” म्हणालो. “पेशंट झोपलेला असतो ना!”