घोडा, चाप आणि तांदळाएवढी खाच

बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नळी येते, धूर येतो, कानठळ्या बसवणारा आवाज येतो. सिनेमाने आपल्याला तेवढेच दाखवले. पण बंदुकीचा खरा जीव चापाच्या वर दडलेल्या पाच-सहा पोलादी तुकड्यांत असतो.

आमचे घुग्घुस कोळशाच्या खाणींचे गाव. पण खाणींपलीकडे वर्धा नदीच्या अंगाला कापूस-तुरीची शेते आहेत. पीक भरात आले की रात्री रानडुकरे उतरतात, रोही उतरतात. जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी पीकसंरक्षणाचा परवाना मिळे. कुणाकडे ठासणीची बंदूक, कुणाकडे बारा बोअरची एकनळी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक नेमकी बसेल एवढी नळी म्हणजे बारा बोअर. साधारण साडेअठरा मिलिमीटर. आमच्या वडिलांकडे अशीच एकनळी होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीवाचून जनावरावर गोळी झाडणे गुन्हा ठरला आणि ती बंदूक बहुतेक कपाटातच राहिली.

वडील गेले, बंदूक रीतीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार वारसाला परवाना मागता येतो. दादाने अर्ज केला, यथावकाश परवाना आला. आई मात्र म्हणाली, "तुमचे बाबा होते तवर ठीक होतं. आता घरात लेकरं आहेत."

म्हणून बंदूक घरी आणण्याआधी तपासून घ्यायचे ठरले. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा परवानाधारक कारागीर गाठला. म्हाताऱ्याने रिकाम्या बंदुकीचे भाग सुटे करून पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. काडतुसाच्या बुडावर आघात घडवणारा तो घोडा. त्याला ढकलणारी मोठी स्प्रिंग. बोटाने ओढायचा चाप. आणि या दोघांमध्ये एक छोटी पोलादी जीभ, तिला तो सियर म्हणे. घोड्याच्या बुडाशी दोन खाचा असतात. जीभ एकीत अडकली की घोडा अर्धा चढलेला, म्हणजे सुरक्षित. दुसरीत अडकली की पूर्ण चढलेला. चाप ओढला की जीभ सुटते. बस्स, एवढाच सारा खेळ.

भाग पुन्हा बसवताना त्याची घाई कुठेच नव्हती. एकेक तुकडा पुसायचा, तेलाचे बोट फिरवायचे, जागी ठेवून हलवून पाहायचे. सारे जुळल्यावर त्याने घोडा अर्धा चढवला आणि अंगठ्याने हलकेच दाबला. घोडा खटकन खाली आला. चापाला कुणी शिवलेसुद्धा नव्हते.

तो म्हणाला, "बाबू, मोठी स्प्रिंग थकली तर बंदूक चालत नाही. पण ही खाच झिजली तर बंदूक न विचारता चालते."

तांदळाच्या दाण्याएवढी ती खाच. एवढ्या जुन्या बनावटीचा घोडा आता मिळायचा नाही, आणि झिजलेली खाच घासून भरवशाची होईल असे तो लिहून द्यायला तयार नव्हता. दादा बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवत बसला. वडिलांचा गाल तिथे टेकत असे. लाकूड त्या जागी काळवंडले होते.

बंदूक घरी आली नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करण्याची सोय कायद्यात आहे. ती आम्ही घेतली. त्या पावसाळ्यात दादाने शेताला सौर कुंपण घातले.

वडिलोपार्जित वस्तू जपाव्यात, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. घर, शेत, तांब्या-पितळेची भांडी जपावीत, जरूर जपावीत. पण कपाटात एखादी जुनी बंदूक पडून असेल, तर वाचकहो, तिची चकाकी पाहून समाधान मानू नका. जाणत्या, परवानाधारक माणसाला तिची खाच पाहू द्या. वडिलांची आठवण ठेवायला आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. आणि त्या फोटोखाली लेकरे बिनघोर खेळतात.