गाडीच्या केबिनमध्ये पाणी कोठून शिरते?

सोलापूरचा पाऊस मुळात बेताचा. त्यामुळे गाडीची रबरे आणि काचा याकडे आपल्या व्यापारी बंधूंचे सहसा लक्ष जात नाही. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात रबर कडक होऊन चिरते. मग सप्टेंबर येतो. आपल्याकडे सर्वाधिक पाऊस याच महिन्यात पडतो आणि सणासुदीचा मालही याच सुमारास बाहेर निघतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे व्हॅनमध्ये भरावेत आणि उतरवताना खालचा थर ओला निघावा, हा अनुभव अनेकांना असेल. भिजलेला माल वाळतो. पण गडद चादरीचा रंग पांढऱ्या टॉवेलला लागला, तर तो माल पडेल त्या भावाने काढावा लागतो.

अशी गाडी गॅरेजात नेली की बहुधा समोरच्या काचेभोवती सिलिकॉन फिरवले जाते. पुढच्या पावसात पुन्हा तेच. कारण साधे आहे. जेथे ओले दिसते, तेथूनच पाणी शिरलेले असते असे नाही. छतावरच्या कॅरिअरच्या बोल्टमधून उतरलेले पाणी पत्र्याच्या आतून किंवा वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत पायाखाली येऊ शकते.

म्हणून आधी पाणी कोणते ते ओळखावे. पाऊस नसताना डाव्या बाजूला पायाशी ओले होत असेल आणि एसी चालू असूनही गाडीखाली थेंब पडत नसतील, तर एसीची पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे असे समजावे. पाणी चिकट लागले, गोडसर वास आला आणि कुलंटची पातळी उतरत असेल, तर हीटर गळतो आहे. ही दोन्ही कामे वेगळी. त्यात काचेला हात लावण्याचे कारणच नाही.

पावसाचेच पाणी असेल तर मॅट आणि गालिचा काढून पत्रा कोरडा करावा. आत टॉर्च घेऊन एकाने बसावे, बाहेर दुसऱ्याने पाण्याचा पाइप धरावा. सुरुवात खालून करावी. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग समोरची काच आणि शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटे साधी धार सोडावी. एकदम वरून पाणी ओतले तर सगळीकडेच ओले होते आणि काहीच कळत नाही. संशयाच्या जागी खडूची भुकटी लावली की ओघळाची वाट स्पष्ट दिसते.

दाराबद्दल मोठा गैरसमज आहे. दाराच्या पोकळीत पाणी जाणे हा दोष नव्हे. काच आणि रबर यांच्या फटीतून ते जाणारच, आणि खालच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच रचना असते. ही भोके धुळीने, किंवा डेंटिंगच्या वेळी लांबीने आणि रंगाने बुजतात. मग पाणी आत साठते, वळणावर खळखळ आवाज येतो आणि ते केबिनमध्ये उतरते. दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन बदलताना तो फाडून तसाच सोडला, तरी पाणी आत येते. कारागीर बंधूंनी एवढा एक कागद नीट चिकटवला तरी गिऱ्हाईक पुन्हा तक्रार घेऊन येणार नाही.

कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी वायपरखालची जाळी उघडून पाहावी. तेथे पाल्याचा लगदा साचला की पाण्याची वाट बंद होते आणि ते हवेच्या मार्गाने डॅशबोर्डखाली येते. येथे सिलिकॉन भरणारेही भेटतात! त्याने उरलीसुरली वाटही बुजते. लगदा हाताने काढावा. नळी साफ करताना टोकदार तार घालू नये, नळी फाटते. प्लॅस्टिकची मऊ दोरी चालते.

जुन्या व्हॅन-टेंपोत समोरची काच रबरात बसवलेली असते. रबर कडक झाले असेल तर ते बदलावेच. वरून सिलिकॉन लावून काम भागत नाही. नव्या बहुतेक गाड्यांत काच चिकटवलेली असते. तिची गळती सापडली तर काच काढून, पत्र्याचा गंज घासून, पुन्हा चिकटवून घ्यावी लागते.

गळती बंद झाल्यावर गालिचाखालचा फोम काढून दोन दिवस उन्हात टाकावा. वरून हात लावला तर तो कोरडा भासतो, पण आतल्या ओलीने खालचा पत्रा सडत राहतो. काही गाड्यांत वायरिंगचे जोड सीटखालीच असतात, तेही उघडून पाहावेत.