आठ बाय चारचा हौदा

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या पिकअप ट्रकचा फाळका उघडा आणि हौद्यात मागच्या चाकांवर आलेल्या दोन उंचवट्यांमधले अंतर टेपने मोजा. ते ४८ इंचांहून थोडे जास्तच भरेल. याचे कारण सुतारकामात आहे. प्लायवूडचा ताव ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब असतो. आपल्याकडच्या वखारीतही सुतार ‘आठ बाय चार’च मागतो. हा ताव तळावर सपाट पडावा, म्हणून हौद्याला ही रुंदी मिळाली. पुढे त्याच मापात सायकली, कयाक, तंबू, पाण्याचे कॅन आणि रात्रीचे अंथरूणही बसू लागले. विटा-लाकडासाठी आखलेली पेटी रानोमाळ भटकणाऱ्यांच्या इतकी कामी यावी, हे मला मोटारींच्या इतिहासातले एक विलक्षण प्रकरण वाटते.

फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेला आपला पहिला पिकअप एप्रिल १९२५मध्ये विक्रीला आणला. किंमत २८१ डॉलर. त्याआधी शेतकरी मॉडेल टी गाडी घेत आणि मागे लाकडी पेटी स्थानिक कारागिराकडून बसवून घेत. फोर्डचा हौदा ५६ इंच लांब, सुमारे ४० इंच रुंद आणि १३ इंच खोल होता. त्याला खुंट्या रोवण्यासाठी चार खाचा होत्या. त्यांत लाकडी दांडे उभे करून कडबा किंवा जनावरांसाठी बाजू उंच करता येत असे. कठड्यावरच्या अशा चौकोनी खाचा आजच्या बऱ्याच ट्रकांवरही दिसतात. आता त्यांत दोर बांधण्याच्या कड्या किंवा कयाकची चौकट बसवतात.

पूर्वी मागची चाके हौद्याच्या बाहेर असत. १९५७ आणि १९५८ साली फोर्ड आणि शेवरोले यांनी हौद्याच्या भिंती चाकांच्या बाहेर नेल्या. जागा वाढली, पण चाकांचे उंचवटे आत आले. सामान रचताना हेच उंचवटे अडतात आणि तेच कामालाही येतात. अनेक हौद्यांच्या बाजूंना कारखान्यातूनच खोबणी पाडलेल्या असतात. त्यांत दोन आडव्या फळ्या बसवल्या आणि वर प्लायवूड टाकले की हौद्याचे दोन मजले होतात: खाली स्वयंपाकाचे सामान आणि हत्यारे, वर झोपायची जागा. बाजारात हजारो रुपयांचे नव्हे, हजारो डॉलरचे खणांचे संच मिळतात, पण सुरुवात करणाऱ्याने या दोन फळ्यांपासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. गरज पडली की त्या मिनिटभरात निघतात आणि हौदा पुन्हा रिकामा होतो.

हौदा आणि मैदानी खेळ यांची गाठ पडल्याचा एक ठळक प्रसंग कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातला आहे. १९७०च्या दशकात तिथले काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या अवजड सायकली पिकअपमध्ये घालून डोंगरावर नेत आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडत. १९७६मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार. मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस इतके तापे की ते जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर नवे भरावे लागे. गॅरी फिशर आणि जो ब्रीझ ही माउंटन बाइकच्या जन्माशी जोडलेली नावे याच मंडळींतली. आज सायकली नेण्याची सर्रास पद्धत म्हणजे फाळक्यावर जाड गादी टाकायची आणि पुढचे चाक बाहेर लटकत ठेवून सायकलीची खालची नळी गादीवर टेकवायची. मागचे चाक हौद्यात राहते, आणि एका ओळीत पाच-सहा सायकली मावतात. गादी आणि नळी यांच्यात वाळू राहू देऊ नये. खडबडीत रस्त्यावर ती पॉलिश पेपरचे काम करते.

पण जागा असली म्हणजे भार पेलेल असे नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे तिच्यावर छापलेले असते. समजा तो आकडा ६३५ किलो आहे. चार मोठी माणसे ३०० किलो. हौद्यावर झाकणासारखी बसणारी फायबरग्लासची कॅनोपी ८०, खणांचा संच १००. उरले १५५. त्यात ४० लिटर पाणी, २५ किलोच्या दोन कयाक आणि १५ किलोच्या चार सायकली चढवल्या की १५० गेले. तंबू, शेगडी आणि बर्फाची पेटी अजून खालीच आहे! एवढा थोरला ट्रक, आणि हिशेब असा पाच किलोवर येऊन ठेपतो.

वजन कुठे ठेवले यानेही फरक पडतो. पुढच्या-मागच्या चाकांत ३.७ मीटर अंतर असलेल्या ट्रकला, मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे ५० किलोचा सायकल-स्टँड लावला, तर मागच्या एक्सलवर ५० नव्हे, सुमारे ७० किलो पडतात. वरचे २० किलो पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर चालते आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारे असे जड सामान तळाशी आणि केबिनच्या भिंतीलगत ठेवावे. हलक्या झोपण्याच्या पिशव्या मागे गेल्या तरी चालतात.

बांधण्याला दोरापेक्षा पट्टा बरा. पट्ट्यावर लिहिलेला सुरक्षित भार साधारणपणे तुटण्याच्या भाराच्या एक तृतीयांश असतो. विकत घेताना तोच आकडा पाहावा. खटक्याने आवळायचा रॅचेट पट्टा जड पेट्यांना उत्तम, पण प्लास्टिकच्या कयाकवर तो फार आवळला तर तिचे अंग दबते. तिला साध्या बकलचा, हाताने ओढायचा पट्टाच हवा. लांब पट्टा वाऱ्यात घूं-घूं करत असेल तर त्याला एक पीळ द्यावा. वारा पट्ट्याच्या सगळ्या लांबीवर सारखा लागत नाही आणि आवाज थांबतो. सामान मागे चार फुटांहून जास्त बाहेर आले तर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत टोकाला लाल निशाण लावणे सक्तीचे आहे.

हौद्यातला वारा हा तर स्वतंत्र चमत्कार आहे. फाळका उघडा ठेवला की वारा निघून जाईल आणि पेट्रोल वाचेल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा कोंडला जातो आणि केबिनवरून येणारा झोत त्याच्यावरून घसरत पुढे निघून जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि ओढ वाढते. धावत्या ट्रकच्या पाठीमागे हवेचा दाबही कमी असतो, त्यामुळे कच्च्या रस्त्यावरची धूळ फाळक्याच्या फटींतून कॅनोपीत शिरते. फटींना रबरी पट्टी लावणे हा त्यावरचा सोपा उपाय. मात्र धुळीच्या वाटेने एक्झॉस्टचा धूरही येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. कॅनोपी लावलेल्या हौद्यात बसून प्रवास करताना मुले दगावल्याच्या घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. ट्रक चालू असताना तिथे माणसाने किंवा कुत्र्याने बसू नये, यात तडजोड नाही.

तितकाच गंभीर धोका पेट्रोलच्या कॅनचा. पत्रा गंजू नये म्हणून हौद्यात प्लास्टिकचे अस्तर घालतात. कॅन त्याच्यावर ठेवून भरला तर पेट्रोलच्या प्रवाहाने तयार होणारी स्थिर वीज जमिनीत उतरू शकत नाही आणि नळीच्या तोंडाशी ठिणगी पडू शकते. अशा आगी लागल्यानंतर १९९८मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने लेखी इशारा दिला. कॅन खाली उतरवून जमिनीवर ठेवावा, पंपाची नळी त्याच्या तोंडाला टेकलेली असावी आणि मगच तो भरावा.

राहिली खाण्याची पेटी. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अंधार पडल्यावर अन्न गाडीत ठेवायला बंदी आहे, कारण तिथली अस्वले दार वाकवून आत शिरतात. उघड्या हौद्याचा तर प्रश्नच नाही. मुक्कामाच्या तळावर लोखंडी कपाटे असतात, सगळे त्यांत हलवावे लागते, टूथपेस्टसुद्धा. म्हणजे खाण्याची पेटी रोज संध्याकाळी हाताशी यायला हवी, आणि बर्फासकट ती हौद्यातली एक जड वस्तू असल्याने प्रवासात फाळक्याशी राहायला नको. अनुभवी लोक ती सरकत्या ट्रेवर बसवतात: चालताना केबिनच्या भिंतीशी खटक्याने अडकवलेली, मुक्कामी फाळक्यापर्यंत ओढता येणारी.