पुन्हा पुन्हा वाचूनही आठवत का नाही?

परीक्षा जवळ आली की महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची क्रमिक पुस्तके हायलायटरने पिवळी होऊ लागतात. तेच प्रकरण तीनदा वाचले जाते. उत्तरपत्रिका समोर आली की मात्र काही सुचत नाही. दोष बहुधा स्मरणशक्तीचा नसून वाचनपद्धतीचा असतो.

सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून, बाजूला ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा सरस ठरला : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र त्यातील ४२ टक्केच मजकूर आठवला. लिहून काढलेल्या उताऱ्यातील ५६ टक्के.

गोम इथेच आहे. पुनर्वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि ही ओळखच आपण ज्ञान समजून बसतो. ऐनवेळी ती थोडीफार उपयोगी पडते, म्हणून सवयही सुटत नाही.

दोन-तीन पाने झाली की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर मुद्दे स्वतःच्या शब्दांत लिहावेत, मग पुस्तक उघडून पडताळावे. जे सुटले असेल, त्यावर खुशाल पिवळी रेघ ओढावी.